पायडॉक्टरचा पहिला उपाय

दुकानात तिला सगळे पायडॉक्टर म्हणायचे. ही पदवी दिली लहान मुलांच्या बुटांकडे असणाऱ्या चिऊनं, आणि ती अशी काही चिकटली की गिऱ्हाईकंसुद्धा काचेचं दार ढकलून आत आली की आधी विचारायची, "त्या पायडॉक्टर बाई आहेत ना आज?" तिचं शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही गणितानं एकदा मागे ओढलेली. पण एकोणीस वर्षं ती चपला-बुटांच्या त्या मोठ्या दुकानात लोकांच्या पायांशी होती. रोज पन्नास-साठ पावलं हाताखालून जायची. पाऊल नुसतं तळहातावर घेतलं तरी माणूस दिवसभर काय करतो ते तिला उमगायचं.

"तुम्ही शिकवता का हो?" एखाद्या बाईंना ती विचारायची.

"अगंबाई! कसं ओळखलंत?"

"टाच सांगते. तास न् तास उभं राहणाऱ्याची टाच अशी पसरते. शिवाय चपलेच्या पट्ट्यात खडूची पूड आहे."

बाई हसायच्या आणि मग सल्ला सुरू व्हायचा. बूट घ्यायला सकाळी येऊ नका, संध्याकाळी या. दिवसभरात पाय फुगतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावायला उठतो. दोन्ही पावलं मापा, एकाच आईची असली तरी सारखी नसतात. घरी गेलात की बादलीत कोमट पाणी घ्या, मूठभर मीठ टाका, पंधरा मिनिटं पाय बुडवून ठेवा. साखरेचा त्रास असेल तर मात्र पाणी आधी दुसऱ्या कुणाला हात घालून बघायला सांगा, तुमच्या पायाला चटका कळायचा नाही. टाच ठणकते? पाण्याची बाटली गोठवा, फडक्यात गुंडाळा आणि तळव्याखाली मागे-पुढे फिरवा. लोक मान डोलवत ऐकायचे, आणि जाताना एकाऐवजी दोन जोड घेऊन जायचे.

आता खरी गोष्ट सांगायची ती पुढेच आहे.

त्या दुकानात अकरा स्टुलं होती. लाल गादीची, बुटकी, गुबगुबीत. प्रत्येकासमोर पाय ठेवायला एक उतरती फळी. आणि दुकानात काम करणाऱ्या बायका होत्या सात. सकाळी दहा ते रात्री साडेआठ. गिऱ्हाईक असलं की एक गुडघा जमिनीला टेकवून ओणवं व्हायचं, नसलं की हात मागे घेऊन कपाटाशी उभं राहायचं. भिंतीला टेकायचं नाही. स्टुलावर तर बसायचंच नाही. तशी पाटीच होती आतल्या दाराशी, निळ्या अक्षरांत: 'आसने ग्राहकांसाठी आहेत. कर्मचाऱ्यांनी बसू नये.' दुपारी दोन ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. अकरा स्टुलं रिकामी, आणि त्यांच्याकडे बघत सात बायका उभ्या. भुकेल्या माणसासमोर भरलं ताट झाकून ठेवावं तसं.

आणि ही पाटी नुसती शोभेची नव्हती. माडीवर काचेच्या खोलीत धाकटे मालक बसायचे. थोरल्या मालकांच्या मागे दुकान त्यांच्याकडे आलं आणि ते येताना चार कॅमेरे घेऊन आले. कुणी जरा टेकलं की खाली गल्ल्यावरचा फोन वाजायचा. गल्ल्यावरचे काका फोन उचलायचे, "हो, हो" म्हणायचे, आणि खाली मान घालून हाक मारायचे, "कोण बसलंय गं? वरून विचारतायत." अख्ख्या दुकानात खुर्ची होती ती फक्त या काकांना, आणि त्यामुळे ही हाक मारताना त्यांचा चेहरा चोरासारखा व्हायचा.

"काका, तुम्ही बसून सांगता ना, म्हणून ऐकू येत नाही नीट," चिऊ म्हणायची. "जरा उभं राहून सांगा."

पायडॉक्टर हसायची नाही. तिला या हाकेनं आई आठवायची.

आई लोकांचे कपडे इस्त्री करायची. घरातल्या एका टेबलापाशी पंचवीस वर्षं उभी राहून. पायांचे सगळे उपाय तिचेच. संध्याकाळी ती खाटेवर आडवी व्हायची, दोन्ही पाय भिंतीवर चढवायची आणि लेकीला म्हणायची, "ये, अंगठ्यापासून टाचेकडे दाब. घाई करू नकोस. पिठासारखं नको मळूस, त्याच्याशी बोलल्यासारखं दाब." तेल कोमट करून, बोटाबोटांच्या बेचक्यात फिरवून, तळव्याच्या मधोमध अंगठा रोवून लेक दाबायची. आईचे डोळे मिटायचे. सकाळी ती पुन्हा टेबलाशी. शेवटच्या दोन वर्षांत आईचे पाय इतके सुजले आणि वाकले की घालायला काही होईना. लेक तेव्हा दुकानात नुकती लागली होती. मालकांची परवानगी काढून तिनं सहा नंबरपासून दहा नंबरपर्यंत, पुरुषांच्या सपातासुद्धा, पिशवी भरून घरी नेल्या. एकही आईच्या पायात गेली नाही. दुकानात एवढे जोड, आणि आईसाठी एक नाही. आई म्हणाली, "जाऊ दे गं. मला आता कुठं चालायचंय!" अनवाणीच गेली ती.

म्हणून पायडॉक्टरनं एक सवय लावून घेतली होती. दर वर्षी स्वतःच्या वाढदिवशी, दुकान उघडायच्या आधी, ती मापाच्या पाटीवर आपलं पाऊल ठेवायची. लागली तेव्हा पाच नंबर. दहा वर्षांनी साडेपाच. यंदा साडेसहा. मोठ्या बाईचं पाऊल वाढत नसतं, ते पसरतं. कमान खचत जाते. आणि गेल्या वर्षापासून सकाळी खाटेवरून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली आणि सांगितलं, "उभं राहणं कमी करा."

"डॉक्टर, तेवढंच तर काम आहे माझं," ती म्हणाली.

"मग मधे मधे बसत जा. तासाला पाच मिनिटं तरी. नाहीतर आणखी दोन वर्षांनी तुम्हाला हे काम झेपणार नाही."

तिला हवं होतं ते एवढंच. स्टूल. पगारवाढ नाही, सुट्टी नाही, दुपारचा फळरस नाही. कपाटामागे दिसणार नाही असं एक साधं स्टूल, आणि तासाला पाच मिनिटं. आईसारखं अनवाणी जायचं नव्हतं तिला.

ती माडीवर गेली. धाकट्या मालकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला ते फार चांगले होते.

"ताई, तुमचं म्हणणं पटतंय मला. बघू आपण. पण त्याआधी माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. तुम्ही गिऱ्हाइकांना ते घरगुती उपाय सांगता ना, लोकांना फार आवडतात. ते सगळे मला एका कागदावर लिहून द्या. छान कार्ड छापू. प्रत्येक जोडाबरोबर खोक्यात एक कार्ड. तुमचा फोटोसुद्धा टाकू."

"आणि स्टुलाचं?"

"बघू म्हटलं ना. आधी कागद तर द्या."

तिला वाटलं, झालं काम. इतकी भोळी ती नव्हती, पण माणसाला जेव्हा फार थकवा येतो तेव्हा तो 'बघू'चा अर्थ 'हो' असा लावतो. त्या रात्री तिनं लेकीच्या वहीतला दुरेघी कागद घेतला आणि शाळेत बक्षीस मिळवलेल्या आपल्या अक्षरात सात उपाय लिहिले. पहिला लिहायला तिला विचार करावा लागला नाही.

'एक. आधी बसा. पायांवरचं ओझं उतरवल्याशिवाय बाकीचा कुठलाही उपाय लागू पडत नाही. तासाला पाच मिनिटं तरी बसलंच पाहिजे.'

मग कोमट पाणी, त्यात साखरेवाल्यांना सूचना. मग गार बाटली. मग भिंतीला हात लावून, एक पाय मागे ताणून, टाच जमिनीला टेकवून उभं राहणं. मग जमिनीवर पंचा टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करणं. मग तेल. आणि सातवा तिचा स्वतःचा, आईकडूनही न आलेला: उठून उभं राहायच्या आधी बसल्या बसल्या पावलानं हवेत मुळाक्षरं गिरवायची, अ पासून ज्ञ पर्यंत. घोटा सगळ्या बाजूंनी मोकळा होतो, पहिल्या पावलाची कळ निम्मी येते. लेक बालवाडीत असताना तिला अक्षरं शिकवताना हे सुचलं होतं.

नवऱ्यानं कागद वाचला. तो शिंपी, दिवसभर मशीनवर बसून त्याची कंबर धरायची.

"तुझे मालक तुला बसू देत नाहीत, आणि माझा धंदा मला उठू देत नाही," तो म्हणाला. "आपण दोघांनी आपसांत कामं बदलली पाहिजेत."

"तुम्ही गिऱ्हाइकाच्या पायाला हात लावाल तर ते पळून जाईल," ती म्हणाली. त्या रात्री दोघं बरीच हसली.

तीन आठवड्यांनी कार्डं आली. हजारांचा गठ्ठा. गुळगुळीत, फिकट हिरवी. वर तिचा फोटो, हात मागे घेऊन उभी, हसरी. खाली मोठ्या अक्षरांत 'आमच्या ताईंचे घरगुती उपाय'. तिनं ते कपाटाशी उभ्या उभ्या वाचलं. 'एक. योग्य मापाची पादत्राणे वापरा. आमच्याकडे मोफत मापन.' दोन, कोमट पाणी. तीन, गार बाटली. तिनं परत पहिल्यापासून वाचलं. कार्ड उलटं करून मागे पाहिलं. मागे दुकानाचा पत्ता होता.

"काय गं?" चिऊ म्हणाली. "फोटो तर छान आलाय. पाच वर्षांनी लहान दिसतेस."

"पहिला काढून टाकला."

"पहिला काय?"

"बसा."

चिऊनं कार्ड हातात घेतलं, वाचलं, आणि पहिल्यांदाच तिला काही गंमत सुचली नाही.

पायडॉक्टर तडक माडीवर गेली. त्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर टाच बोलत होती.

"साहेब, माझी पहिली ओळ कुठे गेली?"

"अहो ताई, जरा विचार करा. पहिल्याच ओळीत 'बसा' असं वाचल्यावर माणूस घरी बसेल. बूट कशाला घ्यायला येईल?" ते हसले. त्यांना खरंच वाटत होतं की तीही हसेल. "बाकी सगळं तुमचंच आहे. साखरेची ओळसुद्धा ठेवली, उद्या कुणी भांडायला यायला नको."

"आणि आमचं स्टूल?"

"हे बघा, मी बघू म्हणालो होतो, देतो म्हणालो नव्हतो. एक बसली की सातही बसणार. दारातून आत येणाऱ्याला काय दिसेल? सुस्त दुकान. आणि खरं सांगू का," त्यांनी कार्डावर बोट टेकवलं, "इतके रामबाण उपाय आहेत तुमच्याकडे, तर तुम्हाला स्टूल लागतंच कशाला? घरी गेल्यावर करा ना आरामात."

ती तशीच वळली. बोलली असती तर काय तोंडातून निघालं असतं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. जिना उतरताना तिचे कान तापले होते.

रात्री घरी नेहमीप्रमाणे लेकीनं बादली आणून ठेवली. कोमट पाणी, मीठ. तिनं पाय बुडवले. एरवी अशा वेळी तिचे खांदे खाली यायचे. आज तिनं बादलीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काय झालं गं आई?"

"इतकी वर्षं," ती म्हणाली, आणि आवाज चढत गेला, "इतकी वर्षं मी रोज घरी येऊन हे पाय दुरुस्त करतेय. माझं मीठ, माझं तेल, माझी रात्र. तुझ्या अभ्यासाजवळ बसायची वेळ. आणि सकाळी दहाला नीट केलेले पाय त्या मालकाला नेऊन देते! तो वापरतो, मोडतो, साडेआठला परत करतो. माझी आईसुद्धा हेच करत आली. मी त्याला उपाय समजत होते. हा उपाय कुठला? ही फुकटची डागडुजी आहे!"

नवरा दारात येऊन उभा राहिला. "जाऊ दे. तुझं नाव तर छापलं."

"नाव नाही छापलं. 'आमच्या ताई' छापलंय. आणि जाऊ दे म्हणू नका. माझी आई म्हणायची जाऊ दे."

तिनं बादलीतून पाय काढले, पाणी तसंच मोरीत ओतलं आणि ओल्या पायांनी आत निघून गेली. नवऱ्यानं जमीन पुसली. एवढी अक्कल त्याला होती.

पुढच्या आठवड्यात धाकट्या मालकांनी नवीन घोषणा केली. कार्ड लोकांना फार आवडलंय, म्हणून रविवारी संध्याकाळी पाच वाजता दुकानात ताई स्वतः सगळे उपाय करून दाखवणार. दारावर फलक लागला. फोटो तोच, उभा.

"जाणार आहेस तू?" नवऱ्यानं विचारलं.

"जाणार. का नाही जाणार?"

तिच्या स्वरावरून तो समजायचं ते समजला.

रविवारी सकाळी ती देवापुढे बसली. ती नेहमी बसूनच हात जोडायची. देवासमोर बसायला आजवर कुणी तिला मनाई केली नव्हती. फार काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "जीभ ताब्यात राहू दे माझी. ओरडायचं नाही मला. ओरडणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही."

पाच वाजता दुकान भरलं होतं. अकराच्या अकरा स्टुलांवर माणसं, मागे आणखी पंधरा-वीस उभी. नेहमीच्या मास्तरीणबाई पुढेच होत्या, कार्ड हातात घेऊन. सहा जणी कपाटांशी हात मागे घेऊन उभ्या. गल्ल्यावरच्या काकांनी खुर्ची जरा फिरवून घेतली होती. धाकटे मालक ध्वनिक्षेपक घेऊन बरंच काही गोड बोलले आणि म्हणाले, "तर आता आपल्या ताई."

ती पुढे आली. पहिल्या रांगेतल्या एका तरुणानं मास्तरीणबाईंच्या शेजारचं स्टूल सोडून ते तिच्याकडे सरकवलं, कारण बाटली पायाखाली फिरवून दाखवायची तर बसावंच लागणार. ती बसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या लाल गादीवर. गादी तिला वाटलं होतं तेवढी मऊ नव्हती.

तिनं दुकानाचे काळे बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पावलं उतरत्या फळीवर ठेवली. मोज्याच्या कडेचे वळ घोट्यावर रुतलेले. अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं. लोक जरा चुळबुळले.

"हे बघून घ्या नीट," ती म्हणाली. "रोज मी तुमचे बघते, आज तुम्ही माझे बघा. हे पाऊल पाच नंबरचं होतं. आता साडेसहाचं आहे. कार्डावर सहा उपाय आहेत, सातवं मापाचं. मी लिहून दिलेला पहिला उपाय छापायचा राहिला. तो आधी करून दाखवते."

मालक पुढे झाले. "ताई, आपण थेट बाटलीपासून..."

"पहिला उपाय असा," ती म्हणाली. "बसा. पायावरचं ओझं उतरवा. तासाला पाच मिनिटं. हे केलं नाहीत तर बाकीचं मीठ, तेल, बर्फ, सगळं वाया. मी आता बसलेय. काकांच्या मागे घड्याळ आहे, त्यात पाच वाजून बारा मिनिटं झालीत."

आणि ती गप्प बसली. नुसती. हात मांडीवर.

अर्धं मिनिट गेलं. कुणीतरी खोकलं. मास्तरीणबाईंनी विचारलं, "मग तुम्ही बसता का हो मधे मधे? दिवसभर तर उभ्याच दिसता."

"नाही. आम्हाला मनाई आहे. ती पाटी आहे बघा, निळी, तुमच्या मागे."

तीस माना वळल्या. पाटी वाचायला फार वेळ लागत नाही.

"तसं काही नाहीये," धाकटे मालक हसत म्हणाले, "जुनी पाटी आहे, थोरल्यांच्या वेळची..."

"मग फोन कुणाचा येतो खाली?" हे चिऊ बोलली होती. कपाटापाशी उभी राहून, तिच्या त्या मुलांना बोलवायच्या किलबिल्या आवाजात, म्हणून ते आणखीच स्पष्ट ऐकू आलं. गल्ल्यावरचे काका गल्ल्यातल्या नाण्यांकडे बघायला लागले.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपलं स्टूल उचललं आणि चिऊच्या समोर नेऊन ठेवलं. "बस गं पोरी," ते म्हणाले. चिऊ बसली. मग आणखी कुणीतरी उठलं, आणखी एक स्टूल सरकलं. बघता बघता सातही जणी बसलेल्या, आणि गिऱ्हाईकं उभी. त्या दुकानानं असं दृश्य कधी पाहिलं नव्हतं.

मालकांनी ध्वनिक्षेपक बंद केला, तिच्या कानाशी वाकले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "उठा. नाहीतर उद्या यायचं की नाही ते ठरवा."

आईच्या पायांसाठी नेलेली ती पिशवी डोळ्यांपुढे आली, सहा नंबरपासून दहापर्यंत. तिनं जीभ चावली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा पण अगदी साध्या आवाजात म्हणाली, "साहेब विचारतायत उद्या यायचं की नाही. येणार ना. माझी सुट्टी मंगळवारी असते."

लोक हसले. मालकांना हसता येईना आणि रागावताही येईना.

"पाच मिनिटं झाली," काकांनी गल्ल्यावरून सांगितलं. खरं तर साडेचारच झाली होती; त्यांच्या जिवाची घालमेल होत होती.

"झाली ना?" मालक म्हणाले. "चला, उठा आता सगळ्या."

"असं एकदम उठायचं नसतं," पायडॉक्टर म्हणाली. "कार्डावरचा शेवटचा उपाय वाचा. उठायच्या आधी पावलानं हवेत मुळाक्षरं गिरवायची. नाहीतर पहिल्या पावलाला कळ येते. वाचायचं तर सगळं वाचा, साहेब. तुम्हीच छापलंय."

तिनं उजवा पाय उचलला आणि अंगठ्यानं हवेत मोठा थोरला अ काढला. मग आ. चिऊनंही पाय उचलला. बाकीच्या पाच जणींनी उचलले. मास्तरीणबाई उभ्या होत्या, त्या सवयीनं मोठ्यानं म्हणायला लागल्या, "इ, ई, उ, ऊ..." सात पाय हवेत फिरत होते, म्हणजे सहा काळे बूट आणि एक उघडं, सुजलेलं पाऊल. धाकटे मालक समोर उभे. क, ख, ग, घ. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. च, छ, ज. तिनं जराही घाई केली नाही. आई म्हणायची तसं, बोलल्यासारखं. ळ ला तिचा घोटा कटकन वाजला आणि तिला बरं वाटलं. क्ष. ज्ञ.

मग ती म्हणाली, "आता डावा."

सोमवारी ती दहाच्या ठोक्याला दुकानात हजर होती. कुणी तिला काढलं नाही. मास्तरीणबाई रविवारी जाताना गल्ल्याशी थांबून, "पुढच्या वेळी पाटी दिसली तर मी शेजारच्या दुकानात जाईन" असं काकांना सांगून गेल्या होत्या, आणि त्या एकट्याच नव्हत्या. निळी पाटी निघाली होती. भिंतीवर तिच्या जागी चौकोनी पांढरा डाग राहिला होता. आणि कपाटामागे एक स्टूल ठेवलेलं होतं. गोदामातलं, मोडकं, गादी फाटून आतला स्पंज बाहेर आलेलं, एका पायाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. चिऊनं टाळी वाजवली. "झालं की गं! आलं की नाही? जा, वर जाऊन आभार तरी मान. माणूस नरमलाय."

पायडॉक्टरनं स्टूल हलवून पाहिलं. ते डुगडुगलं. एका स्टुलावर सात जणींनी बसायचं म्हणजे कसं, ते तिनं मनात मांडून पाहिलं आणि रविवारी गिळलेला सगळा राग उसळून वर आला. नरमलाय! एकोणीस वर्षांनंतर एक मोडकं स्टूल, आणि त्यासाठी आभार!

ती जिना चढली. सतरा पायऱ्या. धाकट्या मालकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर आभार स्वीकारायची तयारी होती.

"स्टूल मिळालं, साहेब," ती म्हणाली. "अजून सहा राहिली."

आणि त्यांच्या टेबलासमोरची पाहुण्यांची खुर्ची ओढून, कुणी बस म्हणायची वाट न बघता, ती उत्तर ऐकायला बसली.